पत्त्यातून गाळलेला शब्द

परिवीक्षा अधिकारी हे पद लोकांना ठाऊक नसते. नोकरीची सगळी वर्षे मी नागपूर आणि आसपासच्या दारांत उभा राहून आधी मी कोण नाही ते सांगत आलो. पोलीस नाही. वकील नाही. विजेचा मीटर पाहायला आलेलो नाही. लकडगंजात एका बाईंनी हे सर्व ऐकून घेतले आणि दाराची साखळी न काढता विचारले, "मंग तुमी आहा तरी कोन, भाऊ?" उत्तर सोपे होते, पण दारात देण्याजोगे नव्हते. त्यांच्या मुलावर चोरी शाबित झाली होती. त्याला तुरुंगात पाठवावे की घरी, हे ठरवण्यापूर्वी न्यायालयाला त्याच्या घराची माहिती हवी होती. ती आणणारा मी.

संपादकांनी माझ्याकडे 'न्यायालयातील गमतीजमती' मागितल्या आहेत. माझ्याजवळ फारशा नाहीत. ज्या आहेत त्या आधी लिहून टाकतो.

त्यासाठी कायदा थोडक्यात सांगावा लागेल. गुन्हा फार गंभीर नसेल, तर न्यायाधीश आरोपीला शिक्षा न सुनावता, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेऊन सोडू शकतात. मग काही मुदत तो आमच्या देखरेखीखाली राहतो. असे सोडण्यापूर्वी न्यायालय आमचा अहवाल पाहते. त्यात घर, कुटुंब, शिक्षण, कामधंदा आणि शेजाऱ्यांचे मत असते. कायद्याची एक अट आहे. आरोपीचे किंवा त्याच्या जामीनदाराचे कायम वास्तव्य असावे, किंवा नियमित व्यवसाय असावा. वास्तव्य आणि व्यवसाय यांच्यामधला तो 'किंवा' मी अनेकांना बोट ठेवून दाखवला. बहुतेक जण तो 'आणि' असा वाचत.

घर पाहून येण्याच्या कामाला आम्ही गृहचौकशी म्हणत असू. त्या दिवशी माणसे वागतात तशी एरवी वागत नाहीत. एका घरी माझ्या स्वागतासाठी देशी दारूच्या दुकानाचे कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगले होते, आणि कुटुंबप्रमुख त्याच्या कोऱ्या पाठीकडे पाहून मला सुनावणीची तारीख सांगत होते. बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यातील एका छत्तीसगडी मजुराची चौकशी होती. खोलीत बारा जण पाळीपाळीने झोपत. घरमालक मात्र भाडेकरू ठेवल्याचे कबूल करीना. मी दारातल्या चपलांकडे बोट दाखवले.

"ह्या कोणाच्या?"

"माह्याच आहे न, साहेब."

"बारा जोड?"

"शौक आहे, साहेब."

हा प्रसंग मी कचेरीत सांगितला, तेव्हा सगळे हसले. अहवालात मात्र 'वास्तव्याचा पुरावा मिळून आला नाही' असे लिहावे लागले. तो मजूर तुरुंगात गेला. गमती येथे संपल्या.

आता बेडा. विदर्भात पारध्यांच्या वस्तीला बेडा म्हणतात. पत्त्यात हा शब्द आला की जातीचा रकाना कोरा ठेवला तरी वाचणाऱ्याच्या मनात तो भरला जातो. इंग्रजांनी कायदा करून ही जमात जन्मतः गुन्हेगार ठरवली होती. तो कायदा माझ्या जन्मापूर्वी रद्द झाला. ही बातमी सर्वत्र पोहोचायला अजून वेळ लागतो आहे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी तो शब्द जसाच्या तसा लिहीत असे. एका पारधी तरुणाचा अहवाल मी पूर्ण अनुकूल दिला होता. प्रकरण निकालात निघाल्यावर तो पाहायला मिळाला. सबंध अहवालात एकाच शब्दाखाली लाल शाईची रेघ होती. ती माझ्या शिफारशीखाली नव्हती. तरुणाला शिक्षा झाली होती. तेव्हापासून मी 'बेडा' लिहिणे सोडले आणि 'वस्ती' लिहू लागलो. ते खोटे नव्हते. बेडा ही वस्तीच असते. या युक्तीने काही जण सुटले. मी ती कोणाला सांगितली नाही आणि मनातल्या मनात तिचा अभिमान बाळगला.

निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना सुखदेव पवारचे प्रकरण आले.

नागपूरलगत वाडी या गावी अमरावती रोडवर मालवाहतुकीचे एक गोदाम होते. सुखदेव तेथे चार वर्षे हमाली करीत होता. वय चोविसाच्या आसपास. गोदामातल्या एका तरुण कारकुनाने कुलूप उघडून दिले आणि सुखदेवने तांब्याच्या तारेची दोन रिळे ऑटोत चढवली. दुसऱ्या दिवशी दोघे सापडले. दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. दोघांचाही पहिलाच गुन्हा होता. कारकून लकडगंजातील एका लाकूड व्यापाऱ्याचा पुतण्या. त्याचे नाव येथे नको. तो आज संसारी गृहस्थ आहे.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोघांचेही अहवाल मागवले. या वयाच्या आरोपींसाठी तशी सक्ती त्यांच्यावर नव्हती. ते कोल्हापूरकडचे होते, नागपुरात नवे होते, आणि आरोपीचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेत. मला आशा वाटली. या नोकरीत ती बाळगू नये, हे मला तोवर कळायला हवे होते.

लकडगंजातली चौकशी अर्ध्या तासात झाली. काकांनी वखारीच्या छापील लेटरहेडवर लिहून दिले की पुतण्या त्यांच्याकडे नोकरीस आहे.

"कधीपासून?" मी विचारले.

"उद्यापासून."

"पत्रात 'आहे' लिहिलंय."

"साहेब, तुमचा रिपोट कोर्टात जाईपर्यंत उद्या होऊनच जाते न."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी 'कुटुंब प्रतिष्ठित, व्यवसाय नियमित' असे लिहिले.

सुखदेवचा बेडा वाडीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत, मुरमाच्या उंचवट्यावर होता. त्याचे घर दोन खणांचे. भिंती विटांच्या, वर पत्रा. दारही पत्र्याचे, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने ठळक लिहिलेले: सुखदेव पवार, पारधी बेडा. मी ते वाचत उभा राहिलो, तेव्हा त्याची बायको रेखा बाहेर आली.

"हे कोणी लिहिलं?"

"ह्यायनंच. आधार कार्ड येनार होतं न डाकेनं. डाकवाला म्हने, दारावर नाव नाई तं मी कोनाले देऊ? मंग रंग आनला."

"शिकलाय किती?"

"चौथी. पन अक्षर पाहा न, साहेब. मास्तरवानी आहे."

आतून तिची सासू ओरडली, "अक्षर काय दाखवतं वं, साहेबाले पानी दे आधी!"

मी पाणी घेतले. शेजाऱ्यांशी बोललो. मुलगी वाडीच्या शाळेत पहिलीत होती. तिचा प्रवेशही त्याच कार्डावर झाला होता. निघताना रेखाने विचारले, "साहेब, ह्यायले सोडतीन का? म्यानेजर म्हने, जेलात नाई गेला तं परत कामावर घेतो. गेला तं नाई."

मी आरोपीच्या घरी कधी आश्वासन दिले नाही. तिलाही दिले नाही.

गोदामाचा मॅनेजर हिंदी बोलणारा गृहस्थ होता. "आदमी सीधा है, साहब. चार साल में एक दिन नागा नहीं किया. ये चक्कर पहली बार हुआ."

"एवढं लिहून द्या."

"लिखकर नहीं दूँगा. कल यहाँ से और कुछ गया, तो मेरा नाम आएगा."

"त्या दुसऱ्या मुलाचं?"

"उसका तो अंकल है ना."

मी अहवाल लिहिला. पत्त्यात गावाचे नाव आणि पुढे 'वस्ती'. जातीचा रकाना कोरा ठेवला. आडनावाने साथ दिली. विदर्भात पवार कोणीही असू शकतो. दोघांनाही बंधपत्रावर सोडावे अशी शिफारस केली. अहवाल गोपनीय असतो, त्यामुळे त्यात काय आहे ते सुखदेवला सांगण्याचा प्रश्न आला नाही.

सुनावणीच्या दिवशी कारकुनाच्या वतीने त्याचा वकील बोलला. सुखदेवच्या वतीने सुखदेव बोलला. न्यायाधीशांच्या हातात माझा अहवाल होता आणि त्यांचा स्वर मऊ होता.

"पवार, घरी कोण कोण आहे?"

"माय, बायको, पोरगी, साहेब."

"घर स्वतःचं?"

"हो साहेब. माह्या हातानं बांधलं."

"कुठे आहे?"

"बेड्यात, साहेब."

न्यायाधीशांनी मान वर केली. त्यांच्या मुलखात बेड्या हातांत पडतात. कोणी त्यांत राहत नाही. "बेड्यांत? म्हणजे?"

पोलिसांतर्फे खटल्यांचे काम पाहणारा पैरवीचा हवालदार शेजारच्याला म्हणाला, "अजून कुठं पडल्या गा? पडतीन आता." ते सर्वांना ऐकू गेले. पुढचा बाक हसला, लिपिक हसला. सुखदेवही हसला. सगळे हसत आहेत म्हणजे काम बरे चालले आहे, असे त्याला वाटले असावे. त्याने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड काढले आणि दोन्ही हातांनी पुढे धरले.

"कार्ड आहे न, साहेब. पारधी बेडा. सरकारनं देल्लं."

शिपायाने कार्ड वर नेऊन दिले. सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, "पारध्यांची वस्ती, सर. इकडे तिला बेडा म्हणतात." हसणे थांबले.

न्यायाधीशांनी कार्ड आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवले. मला पुढे बोलावले.

"हे दोन्ही पत्ते एकाच घराचे?"

"होय, सर."

"तुम्ही स्वतः गेला होतात?"

"होय."

"हा शब्द तुम्हाला माहीत नव्हता?"

"माहीत होता."

"मग गाळला का?"

खरे उत्तर असे होते की तो वाचून आपण या माणसाला शिक्षा कराल, असे मला वाटले. ते न्यायासनासमोर उच्चारता येत नाही.

"आणखी काय गाळलंय?"

"काही नाही, सर."

"ते मी कशावरून मानू?"

मी कायद्यातला 'किंवा' पुढे केला. वास्तव्याबद्दल शंका असेल तरी माणसाला चार वर्षांचा नियमित व्यवसाय आहे, असे म्हटले. त्यांनी मालकाचे पत्र मागितले. ते नव्हते. "अहवाल बाजूला ठेवतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी फसवले, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले होते, आणि त्यांचे चुकले असे मी आजही म्हणू शकत नाही.

कारकून बंधपत्रावर सुटला. सुखदेवला एक वर्षाचा सश्रम कारावास झाला. निकालपत्रात कारकुनाविषयी लिहिले होते, 'आरोपीची पार्श्वभूमी पाहता तो सुधारण्याची शक्यता दिसते.' चार ओळी खाली सुखदेवविषयी होते, 'आरोपीची पार्श्वभूमी पाहता अशी शक्यता दिसत नाही.' दोघांनी एकच कुलूप, एकच ऑटो आणि एकच रात्र वापरली होती. निकालपत्रात पार्श्वभूमी तेवढ्या दोन होत्या.

नागपुरात जन्मलेल्या कोणत्याही न्यायाधीशापासून तो शब्द लपवण्यात काही अर्थ असू शकेल. मी तो अशा माणसापासून लपवला, ज्याला तो ठाऊकच नव्हता. मी लिहिला असता, तर त्यांनी अर्थ विचारला असता, आणि मी त्या दारावरच्या अक्षराचे वर्णन करू शकलो असतो. कदाचित तरीही शिक्षा झाली असती. ते कळण्याचा मार्ग मीच बंद केला.

मी असे का केले, याचा विचार मी निवृत्तीनंतर केला. मी बौद्ध कुटुंबातला. माझ्या वडिलांनी छप्पन साली येथेच दीक्षा घेतली. आमच्या मोहल्ल्याचे नाव सांगितले की नागपुरात पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. म्हणून कॉलेजात मी पत्ता नुसता 'कामठी रोड' असा सांगत असे. वडिलांना ते कळले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "रोडवर झोपतं का गा तू?" सुखदेवचा शब्द गाळताना मी त्याच्या वतीने लाजलो. त्याला लाज वाटत नव्हती. तो शब्द त्याने रंग आणून दारावर लिहिला होता. बेडा हा शब्द लपवण्याजोगा आहे, यावर त्या न्यायालयात सर्वांत आधी शिक्कामोर्तब कोणी केले असेल, तर ते मी.

निकालानंतर मी बेड्यावर गेलो. तो माझ्या कामाचा भाग नव्हता. रेखाने मला बसायला सांगितले नाही.

"मीच म्हनलं होतं ह्यायले, कार्ड घेऊन जा म्हनून," ती म्हणाली. "कार्ड दाखवल्यानं बिघडलं का, साहेब?"

"कार्डात काही चूक नव्हती."

"मंग कोनाची चूक व्हय?"

"माझी."

"तुमची कशी असन? तुमाले कुठं शिक्षा झाली?"

सुखदेवच्या वतीने अपील केले. विधी सेवेचा वकील मिळाला. सुनावणी लागेपर्यंत शिक्षेचा बहुतेक भाग भोगून झाला होता, आणि पुढे ते अपील चालवण्यात कोणाला रस उरला नाही. त्या काळात मी कारकुनाच्या देखरेखीसाठी दरमहा लकडगंजात जात होतो. नियमानुसार त्याची प्रगती नोंदवत होतो. तो खरोखरच सुधारला. वखारीत वेळेवर येई, काकांचे ऐके. बंधपत्राची मुदत संपण्याआधीच त्याचे लग्न ठरले. परिवीक्षेचा कायदा किती चांगला आहे, याचे ते उत्तम उदाहरण होते, आणि कचेरीच्या वार्षिक अहवालात ते तसे छापलेही गेले.

सुखदेव सुटून आला, तेव्हा गोदामात त्याच्या जागी दुसरा माणूस होता. मॅनेजरने शब्द पाळला. वाडीत कुठे काही चोरीला गेले की चौकशी बेड्यावर येई. ती पूर्वीही येत असे, पण आता तिच्याजवळ सुखदेवच्या शिक्षेचा कागद होता. पोलिसांनी त्याला दोनदा नेऊन सोडले. तिसऱ्यांदा सोडले नाही. रेखा मुलीला आणि सासूला घेऊन वर्धेकडे माहेरी निघून गेली. मुलीची शाळा सुटली. मागे घर पडले.

हे मला त्याच्याकडूनच कळले. निवृत्तीला तीन आठवडे होते. दुसऱ्या कामासाठी न्यायालयात गेलो होतो. व्हरांड्यात बाकावर एका शिपायाशेजारी तो बसला होता. अंगाने निम्मा झाला होता.

"साहेब, वळखलं का?"

"ओळखलं."

त्याने घरचे सगळे सांगितले. मग म्हणाला, "यंदा माहा रिपोट नाई लिवला?"

"मागवला नाही. आधी शिक्षा झाली असेल तर सहसा मागवत नाहीत."

"बरंच झालं. लिवाले काई रायलंच नाई."

नोकरीत मी आरोपीला कधी विचारला नाही असा प्रश्न त्याला विचारला. "या वेळी केलीस का?"

"पह्यल्या वेळी केली होती, तवा केली म्हनून सांगितलं न, साहेब? आता नाई केली, तं नाई म्हनून सांगून रायलो." तो शांतपणे बोलत होता. "तवाचं खरं त्यायले लवकर पटलं होतं."

"चाल गा पवार, पुकारा झाला," शिपाई म्हणाला. सुखदेव उठला. जाता जाता त्याने मला हात जोडले. त्याने शिवी दिली असती तर मला बरे वाटले असते.

त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. मी निकालाची प्रत मिळवली. न्यायाधीश दुसरे होते. शिक्षेच्या परिच्छेदात लिहिले होते की आरोपीला कायम वास्तव्य नाही, नियमित व्यवसाय नाही, आणि त्यास पूर्वी शिक्षा झालेली आहे. मी तो परिच्छेद तीन वेळा वाचला. पहिल्या खटल्याच्या वेळी यांतले एकही वाक्य त्याला लागू नव्हते. आता तिन्ही खरी होती. माझा अहवाल मागवला असता, तर मलाही तीच लिहावी लागली असती.